लेझी लोड केलं, आता दर बटणाला चकती फिरते: कंपोनंट आधी मागवायचे तरी किती?

खाडीपल्याड | १४ मार्च, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. आमच्या गुहागर तालुक्यातल्या काही बागायतदारांसाठी गेल्या हंगामापासून हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरचं एक छोटं वेब ॲप सांभाळतोय. मुंबई-पुण्याचा ग्राहक पेटी मागवतो. इकडे पॅकिंगच्या शेडमधला माणूस मोबाईलवर ऑर्डर बघतो, पेटी भरली की एक खूण करतो, गाडीत चढली की दुसरी. पडदे बांधायला रिॲक्ट आणि कोडच्या फाईली बांधून द्यायला वेबपॅक, बाकी काही भपका नाही.

पहिल्या वर्षी सगळा कोड एकाच मोठ्या फाईलीत, म्हणजे बंडलात होता. शेडमध्ये ॲप उघडायला इतका वेळ लागायचा की लोक कंटाळून वहीत लिहायचे आणि रात्री घरी जाऊन खुणा करायचे. म्हणून यंदा रिॲक्ट.लेझी वापरून, म्हणजे पडदा उघडला की मगच त्याचा कोड उतरेल असं करून, तुकडे पाडले. ऑर्डरींची यादी तेवढी मुख्य बंडलात ठेवली. पेटीचा तपशील, गाडीचा नकाशा, हिशोबाचे आलेख आणि जीआय (भौगोलिक मानांकन) प्रमाणपत्राची पीडीएफ दाखवणारा पडदा, हे चार वेगळे चंक (तुकडे) केले. ॲप झटकन उघडायला लागलं आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

चौथ्या दिवशी शेडमधल्या काकांचा फोन. "अरे, पूर्वी सकाळी एकदाच थांबायला लागायचं. आता दर बटणाला थांबतोय."

काका बरोबर बोलले. पेटीच्या तपशिलाचा चंक कॉम्प्रेस करून १२० केबी आहे. शेडमध्ये एक दांडी रेंज असते, तीही फणसाच्या बाजूच्या कोपऱ्यात. ४०० केबीपीएस धरले तरी नुसता उतरायलाच सुमारे अडीच सेकंद. वर सर्व्हरशी जा-ये वेगळी. चंक आला की मग तो कंपोनंट, म्हणजे पडद्याचा तो भाग, ऑर्डरचा डेटा मागवणार, म्हणजे परत चकती.

मग मी हुशारी केली. लॉगिन झालं की ब्राउझर रिकामा सापडेल तेव्हा, म्हणजे रिक्वेस्ट-आयडल-कॉलबॅकमध्ये, चारही चंकांचे इम्पोर्ट एकदम चालवले. घरी वायफायवर मस्त चाललं. शेडमध्ये दोन गोष्टी झाल्या. एक, ऑर्डरींची यादीच उशिरा यायला लागली. दोन, ॲप उघडल्या उघडल्या 'तुमचं लोकेशन द्या' अशी पाटी यायला लागली! नकाशा कोणी उघडलेलाच नाही, तरीही.

आता सांगा, आधी मागवायचं कसं आणि किती? कोड इथे टाकला की अवतरणचिन्हांचा नेहमीसारखा बट्ट्याबोळ होतो, म्हणून शब्दांतच लिहिलंय.

शून्यप्रहर | १४ मार्च, रात्री १०:४१

चार तुकडे पाडायचे आणि लॉगिन झाल्या झाल्या चारही उतरवायचे. मग पाडले कशाला?

अँग्युलरवाला | १४ मार्च, रात्री १०:५५

अँग्युलरमध्ये (रिॲक्टच्या जागी आम्ही ते वापरतो) हा प्रश्नच येत नाही. राउटरला, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठला पडदा ते ठरवणाऱ्या भागाला, प्रीलोड-ऑल-मॉड्यूल्स (सगळे तुकडे आधीच आण) ही स्ट्रॅटेजी दिली की काम झालं. आमच्या ऑफिसात तीन वर्षं चालू आहे, एकही तक्रार नाही.

खाडीपल्याड | १४ मार्च, रात्री ११:०२

@अँग्युलरवाला, ऑफिसात फायबर आहे ना? मी रिॲक्टमध्ये हाताने तेच केलं आणि तोंडावर आपटलो.

टोकनरिंग | १५ मार्च, सकाळी ६:३०

तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी लोकेशनची पाटी. फाईल आणून ठेवणं वेगळं आणि फाईल चालवणं वेगळं. इम्पोर्ट() हाक मारली की ब्राउझर फाईल नुसती आणत नाही. ती वाचतो आणि तिच्यातला अगदी बाहेरचा, कुठल्याही फंक्शनच्या आत नसलेला कोड लगेच चालवतो. तुमच्या नकाशाच्या फाईलमध्ये लोकेशन मागणारी ओळ अशी उघड्यावर पडलेली असणार. लेझी असताना ती नकाशा उघडल्यावरच चालायची, म्हणून कोणाच्या डोळ्यावर आली नाही. ती ओळ कंपोनंटच्या आत, इफेक्टमध्ये (कंपोनंट पडद्यावर आल्यावरच चालणाऱ्या कोडमध्ये) न्या. आधी मागवायचं असेल तर मॉड्यूलच्या, म्हणजे त्या फाईलच्या, बाहेरच्या पातळीवर काहीही 'घडता' कामा नये, फक्त व्याख्या असाव्यात.

प्रीफेचच्या, म्हणजे 'आधीच आणून ठेव' असं ब्राउझरला सांगणाऱ्या, लिंकने फाईल नुसती कॅशमध्ये येऊन पडते, चालत नाही. वेबपॅकमध्ये ४.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, इम्पोर्टच्या आत टिप्पणी लिहून हे सांगता येतं. टिप्पण्या दोन आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. वेबपॅक-प्रीफेच म्हणजे 'पुढे कधीतरी लागेल, सवडीने आण'. मूळ चंक उतरल्यावर ब्राउझर ती फाईल सगळ्यात खालच्या प्राधान्याने आणतो. वेबपॅक-प्रीलोड म्हणजे 'आत्ता, याच पानाला लागणार आहे'. ती मूळ चंकाच्या बरोबरीने आणि वरच्या प्राधान्याने येते. नाव ऐकून लोक प्रीलोड लावतात आणि पहिल्या पडद्याचीच वाट अडवतात. प्रीलोडने आणलेली फाईल पान लोड झाल्यावर काही सेकंदांत वापरली नाही तर क्रोम कन्सोलमध्ये पिवळी सूचना देतो. ती दिसत असेल तर तुम्हाला बहुतेक प्रीफेच हवं होतं.

आता यादी का रखडली ते. रिक्वेस्ट-आयडल-कॉलबॅक बघतो तो मुख्य थ्रेड, म्हणजे पानाचा कोड चालवणारी रांग, रिकामा आहे का, एवढंच. नेट रिकामं आहे का हे त्याला कळत नाही. तुमची यादी सर्व्हरकडून यायची वाट बघत थ्रेड हातावर हात ठेवून बसलेला असतो, म्हणजे त्याच्या लेखी सवडच सवड. नेमक्या त्याच वेळी चार चंक त्या बारक्या नळीत घुसले. शिवाय तुमचं एपीआय (डेटा देणारी बाजू) एका डोमेनवर आणि फाईली दुसऱ्या डोमेनवर असतील तर काय आधी यावं हे सांगणारं एचटीटीपी/२ चं प्राधान्यही कामाचं नाही, ते एका कनेक्शनच्या आतच चालतं.

आणि हो, सफारीने रिक्वेस्ट-आयडल-कॉलबॅक आणि प्रीफेचची लिंक, दोन्ही वर्षानुवर्षं मूळ सेटिंगमध्ये दिलेलं नव्हतं. नसेल तर साधा सेट-टाइमआउट (थोड्या वेळाने चालव), एवढी सोय ठेवा.

आमसूल | १५ मार्च, सकाळी ९:१२

टोकनरिंग, आणणं वेगळं आणि चालवणं वेगळं, हे वाचून सोलकढी आठवली. आमसुलं आदल्या रात्री भिजत घातली तरी बिघडत नाही. नारळाचं दूध मात्र आयत्या वेळी काढून मिसळायचं. माणसं जेवायला बसायच्या दोन तास आधी कढी करून ठेवली तर ती फाटलेलीच वाढावी लागते.

माझा स्वतःचाही प्रश्न आहे. आमचं वेंगुर्ल्याला घरगुती निवासाचं काम आहे. साईट भाच्याने करून दिली. खोल्यांचे फोटो येतात, पण खाली बुकिंगचं कॅलेंडर आहे तिथे पोचल्यावर पांढरी जागा दिसते आणि मग ते धपकन उगवतं. लोक तोवर परत वर जातात. हे तेच का?

टोकनरिंग | १५ मार्च, सकाळी ९:४०

आमसूलताई, तेच. कॅलेंडर पडद्यावर दिसल्यावर मागवलं जातंय. भाच्याला सांगा, इंटरसेक्शन-ऑब्झर्व्हरला (एखादा भाग पडद्यावर आला का ते बघणारी ब्राउझरची सोय) रूट-मार्जिन म्हणून खालच्या बाजूला चारपाचशे पिक्सेल द्यायचे. मग माणूस फोटो बघत खाली येत असतानाच कॅलेंडरची फाईल निघालेली असेल. तेवढी जागा आधीपासून राखून ठेवायची, म्हणजे उगवताना पान उडी मारणार नाही. हे त्याला अर्ध्या तासाचं काम आहे. (सोलकढीची उपमा मी चोरणार.)

अँग्युलरवाला | १५ मार्च, दुपारी १:०५

माझ्या कालच्या प्रतिसादात एक भर. अँग्युलरमध्ये मुळात काहीच प्रीलोड होत नाही, सगळं प्रीलोड करा हे आपण सांगावं लागतं. मधला मार्गही आहे. स्वतःची स्ट्रॅटेजी लिहायची, रूटच्या (पडद्याच्या पत्त्याच्या) डेटामध्ये एक खूण ठेवायची आणि खूण असेल तेच मॉड्यूल आणायचं. आम्ही कधी केलं नाही, कारण गरज पडली नाही. फायबरचा टोमणा पोचला.

गजालीकार | १५ मार्च, दुपारी ३:३०

माका रिॲक्ट-बिॲक्ट काय समाजणा नाय. पण तो शेडातलो काका यादी बघून झाल्यार पुढे काय दाबता, ह्या कोणी जावन बघल्यान काय? आधी ता बघा, मगे काय मागवूचा ता मागवा.

शून्यप्रहर | १५ मार्च, दुपारी ३:४८

गजालीकारांना +१००. पूर्ण धाग्यातला एकमेव कामाचा प्रतिसाद.

टोकनरिंग | १५ मार्च, दुपारी ४:१०

एकमेव?

खाडीपल्याड | १७ मार्च, रात्री ९:३५

गजालीकारांचं ऐकलं. काल आणि आज शेडमध्ये पेंढ्याच्या ढिगावर बसून नुसतं बघितलं. काकांना आधी वाटलं मी आंबे खायला आलोय. (तेही झालं.)

काका यादी उघडतात, वरची पहिली ऑर्डर दाबतात, तपशील बघतात, पेटी भरतात, खूण करतात, मागे येतात, पुढची ऑर्डर. दोन दिवसांत नकाशा एकदाही नाही. गाडी कुठे आहे हे ड्रायव्हरला फोन करून विचारतात, नकाशाकडे बघायची गरज काय? आलेख रविवारी बागायतदार स्वतः बघतात, तेही घरी. प्रमाणपत्राची पीडीएफ तर फक्त ग्राहक उघडतात. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय मिळाल्यापासून मुंबईची गिऱ्हाइकं ते आवर्जून मागतात, पण काका त्याचं काय करणार? आणि तो पीडीएफ दाखवणारा चंक माझ्याकडचा सगळ्यात जाडा. तो मी काकांच्या एका दांडीवरून रोज उतरवत होतो. म्हणजे चारपैकी तीन चंक काकांच्या फोनवर फुकट जात होते, डेटा पॅक त्यांचा.

आता तपशिलाचा एकच चंक आधी आणायचा असं ठरवलंय.

शून्यप्रहर | १७ मार्च, रात्री ९:५०

दर वेळी तोच लागतो ना? मग लेझी कशाला, मुख्य बंडलातच टाका की. लेझी करून पुन्हा आधी आणायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

टोकनरिंग | १७ मार्च, रात्री १०:२५

मुद्दा रास्त आहे, निम्म्या वेळा मीही हेच सांगतो. पण इथे नको. मुख्य बंडलात घातला तर यादी दिसायच्या आधी ते १२० केबी उतरायला हवेत, म्हणजे सकाळी अडीच सेकंद जास्त. वेगळा ठेवून यादी हातात आल्यावर मागवला तर काका पहिलं नाव वाचेपर्यंत तो येतो. एकूण ओझं तेवढंच, पण काकांच्या थांबण्याच्या वेळेतून ते बाहेर पडतं.

खाडीपल्याड, करायचं असं. इम्पोर्ट करणारं फंक्शन वेगळं नाव देऊन फाईलच्या वरच्या बाजूला ठेवा. तेच फंक्शन रिॲक्ट.लेझीला द्या आणि आधी मागवायचं तेव्हाही त्यालाच हाक मारा. एकदा आलेलं मॉड्यूल दुसऱ्या हाकेला परत उतरत नाही. रिॲक्ट.लेझीची ओळ मात्र कंपोनंटच्या आत लिहू नका. प्रत्येक रेंडरला, म्हणजे पडदा परत रंगवताना, नवाच कंपोनंट तयार होतो आणि भरलेला फॉर्म रिकामा होतो. हे मी पगारी नोकरीत केलेलं आहे.

हाक कधी मारायची? यादीचा डेटा येऊन ती पडद्यावर लागली की, त्याआधी नाही. आयडलवर विसंबू नका. बाकीच्या तिघांसाठी बोट टेकल्याबरोबर, म्हणजे पॉइंटर-डाउनला. मोबाईलवर हॉव्हर नसतं, त्यामुळे माऊस वर आला की आणा हा डेस्कटॉपचा सल्ला तुमच्या कामाचा नाही. बोट टेकणं आणि उचलणं यात थोडासाच वेळ मिळतो, पण फुकटचा मिळतो. कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी फोकसलाही तीच हाक जोडा.

वेबपॅकची प्रीफेच टिप्पणी इथे मी वापरणार नाही. ती कोणाचं नेट कसं आहे ते विचारत नाही, मूळ चंक उतरला की सरसकट सगळ्यांना लागू. आपल्या हातात फंक्शन असलं की आधी नॅव्हिगेटर.कनेक्शन बघता येतं. सेव्ह-डेटा चालू असेल किंवा जोडणी टूजी म्हणून कळत असेल तर गप्प बसायचं. ही माहिती क्रोम आणि त्याच्या भाईबंदांतच मिळते, फायरफॉक्स-सफारीत नाही. तिथे 'माहीत नाही' म्हणजे 'नेट चांगलं आहे' असं धरू नका.

आणि तुमची दुसरी चकती विसरू नका. चंकाबरोबर पहिल्या ऑर्डरचा डेटाही मागवा. कोड येईपर्यंत डेटा थांबून राहतो, ही रांग तोडली नाही तर निम्मा फायदा वाया.

खाडीपल्याड | १९ मार्च, रात्री ११:१५

केलं. यादी लागली की तपशिलाचा चंक आणि वरच्या पहिल्या ऑर्डरचा डेटा. बाकी सगळं बोट टेकल्यावर.

एक बारीक गोष्ट राहिली होती. चंक हजर असूनही पहिल्यांदा तपशील उघडताना चकती क्षणभर लुकलुकायची. पडदा बदलणारी ओळ स्टार्ट-ट्रान्झिशनमध्ये ('नवं तयार होईपर्यंत जुनंच दाखव' असं रिॲक्टला सांगणं) गुंडाळल्यावर यादीच दिसत राहते आणि तपशील थेट लागतो.

तपासायला मात्र शेड पुरेशी नाही, रेंज अध्येमध्ये बरी असते. उद्या रत्नागिरीला जायचंच आहे, चिपळूणहून रेल्वेने. उक्षी सोडलं की करबुडे बोगदा, साडेसहा किलोमीटर. गाडी ताशी ऐंशीने गेली तरी पाच मिनिटं नेटच्या नावाने शून्य. यापेक्षा चांगली टेस्ट लॅब कुठल्या कंपनीकडे आहे?

आमसूल | २० मार्च, सकाळी ८:००

भाच्याने केलं हो ते पाचशे पिक्सेलचं! कॅलेंडर आता आधीच येऊन बसलेलं असतं. त्याने विचारलं हे तुला कोणी सांगितलं. म्हटलं, आहेत माझी माणसं.

खाडीपल्याड | २० मार्च, रात्री ८:४५

बोगद्याचा निकाल: नापास.

बोगद्याच्या तोंडाशी ॲप उघडलं. यादी आली, तपशिलाचा चंक निघाला आणि मध्येच अंधार. इथवर ठीक. पण भोके स्टेशन आलं, रेंज आली, ऑर्डर दाबली तर नुसती एररची पाटी. परत दाबलं, परत पाटी. शेवटी पान रीलोड केल्यावर चाललं. काकांना मी रीलोड शिकवलेलं नाही, आणि शिकवायचंही नाही.

टोकनरिंग | २० मार्च, रात्री ९:२०

बोगद्यात असताना ऑर्डर दाबून बघितली होती ना? तेव्हाच रिॲक्ट.लेझी अडकलं. ते दिलेलं फंक्शन एकदाच चालवतं आणि निकाल लक्षात ठेवतं. यशही आणि अपयशही. एकदा 'नाही' मिळालं की तो कंपोनंट जन्मभर 'नाही'च म्हणणार.

म्हणून पुन्हा प्रयत्न लेझीच्या बाहेर नको, त्या इम्पोर्ट करणाऱ्या फंक्शनच्या आतच हवा. पडलं की थोडं थांबून परत, मग जास्त थांबून परत. वेबपॅक फसलेला चंक विसरतो, त्यामुळे नवी हाक खरोखर नवी मागणी करते. ऑफलाइन आहे असं ब्राउझर सांगत असेल तर ऑनलाइन होण्याची घटना येईपर्यंत नुसतं थांबायचं, तोवर पडद्यावर 'रेंज नाही, आली की उघडेल' असं लिहा. आधी मागवलेली हाक फसली तर मात्र ती गिळून टाका. ज्याने काही दाबलेलंच नाही त्याला एररची पाटी का दाखवायची?

दुसरंही बघा. काकांचा टॅब दिवसभर उघडा असतो आणि तुम्ही दुपारी नवी आवृत्ती चढवता. चंकांच्या नावातला हॅश (मजकुराप्रमाणे बदलणारी खूण) बदलतो, जुन्या फाईली सर्व्हरवरून जातात आणि काकांचा जुना टॅब नसलेली फाईल मागतो. कितीही वेळा हाक मारा, ती येणार नाही. जुन्या फाईली काही दिवस सर्व्हरवर राहू द्या. मूळ एचटीएमएल पान मात्र कॅशमध्ये शिळं राहू देऊ नका.

शून्यप्रहर | २० मार्च, रात्री ९:३८

सर्व्हिस वर्कर टाका, सगळ्या फाईली फोनवरच राहतील, कटकट मिटेल.

टोकनरिंग | २० मार्च, रात्री ९:५२

मिटेल, आणि नव्या कटकटी येतील. काकांच्या फोनवर मागच्या आठवड्याची आवृत्ती का दिसते यावर वेगळा धागा काढावा लागेल. हंगामात नको. जूनमध्ये आंबा संपला की करा.

खाडीपल्याड | २३ मार्च, रात्री १०:०५

पुन्हा प्रयत्न फंक्शनच्या आत घातला, तीनदा, थांबण्याचा वेळ वाढवत. जुन्या फाईली दहा दिवस ठेवतोय. दुपारी नवी आवृत्ती चढवणं बंद, आता रात्री शेड बंद झाल्यावर.

आज पुन्हा करबुडे. बोगद्यात मुद्दाम ऑर्डर दाबली. 'रेंज नाही, आली की उघडेल'. समोरच्या बाकावरच्या आजी पाटी वाचून म्हणाल्या, "आमच्या मुलाचा फोन असं काही सांगत नाही, गप्प बसतो." उजेड आला, रेंज यायला अजून थोडा वेळ गेला, आणि मी हात न लावता तपशील उघडला.

@अँग्युलरवाला, ती रूटवर खूण ठेवायची कल्पना इकडेही वापरली. रविवारी बागायतदार लॉगिन झाले तर आलेखाचा चंक आधी येतो, काका असतील तर नाही.

गजालीकार | २३ मार्च, रात्री १०:३०

बरा झाला. पेटी कितीक दितास?

खाडीपल्याड | २३ मार्च, रात्री १०:४४

ॲपवर बघा, भाव पहिल्याच पडद्यावर आहे. तो लेझी केलेला नाही.

अँग्युलरवाला | २४ मार्च, सकाळी ११:२०

आमच्या ऑफिसात आज फायबर तुटलंय. कालचे प्रतिसाद मोबाईलच्या नेटवर वाचतोय आणि आमचं ॲप उघडायला अजून... थांबा, चकती फिरतेय. रूटवर खूण ठेवणारी स्ट्रॅटेजी नेमकी कशी लिहायची, टोकनरिंग?